तीन डोलकाठ्यांची नौका

मुलांनो, समुद्राला लागून एक दाट जंगल होते. तिथे एक म्हातारा वानर आपल्या वानरीसह राहत असे. काजूची मोठी राई त्याच्या मालकीची होती. त्याच्याइतका संपन्न प्राणी त्या जंगलात दुसरा नव्हता, आणि तसे कोणी बोलून दाखवले की त्याला फार बरे वाटे.

वानरीचे माहेर समोरच्या बेटावर होते. लग्न झाले तेव्हा ती एका मोठ्या कासवाच्या पाठीवर बसून इकडे आली होती. पुढे ते कासव वारले आणि तिचे जाणे-येणे थांबले. आईवडील गेले तेव्हाही तिला जाता आले नाही. आता बेटावर तिची धाकटी बहीण आणि बहिणीची लेक एवढीच उरली होती. हवा स्वच्छ असली की बेटावरची माडांची रांग दिसे, आणि वानरी हातातले काम टाकून तिकडे पाहत राही.

एके दिवशी ती म्हणाली, "अहो, आपण दोघंही आता थकत चाललो. एकदा मला बहिणीची भेट घडवा. मग माझं काही मागणं नाही."

वानराला ते मनापासून पटले. "एकदा कशाला? आपण स्वतःची नौकाच घेऊ. चांगली शिडाची, ऐसपैस. मनात येईल तेव्हा जाऊ."

दोघांपैकी कोणीही आजवर नौकेत पाऊल ठेवले नव्हते. खाडीच्या तोंडाशी एक सुतारपक्षी नौका बांधत असे. पावसाळा सरला तसे दोघे त्याच्याकडे गेले. वानराचा शेजारी कोल्हा मजा पाहायला बरोबर निघाला.

सुतारपक्ष्याकडे दोन नौका तयार होत्या. एक प्रचंड होती. तिला तीन डोलकाठ्या होत्या, पुढच्या टोकाला, नाळेवर, कोरीव मोर होता, आत पाहुण्यांच्या खोल्या आणि पंगत बसेल असे दालन होते. दुसरीही काही लहान नव्हती. तिला एकच डोलकाठी होती, पण आत सागवानी खोली, मऊ बिछाने आणि समुद्राकडे उघडणारी रुंद खिडकी होती.

"दोन्ही मी जीव ओतून बांधल्यात," सुतारपक्षी म्हणाला. "पण आधी सांगा, जाणार कुठे? आणि बरोबर कोण कोण?"

"समोरच्या बेटावर," वानरी म्हणाली. "आम्ही दोघंच."

"मग एक डोलकाठीची तुम्हांला पुरे. चार दिवस खाडीत फिरवून बघा, सवय होईल. मोठीला जाणते खलाशी हवेत, तेही बरेच. तिचा तळही खोल आहे. उथळ पाण्यात ती येणार नाही."

वानरी तोवर लहान नौकेवर चढून शिडाची दोरी ओढून पाहत होती. ती आनंदाने म्हणाली, "अहो, ही तर मलासुद्धा ओढता येते!"

पण वानराची नजर तीन डोलकाठ्यांवरून हलत नव्हती. कोल्हा त्याच्या कानाशी लागला, "दादासाहेब, तुमच्यासारख्यानं एका काठीची नौका घ्यायची? जंगलात लोक काय म्हणतील?"

"अगं, घ्यायचीच तर एकदाच घेऊ आणि मोठी घेऊ," वानर म्हणाला. "तुझ्या माहेरी तुझीही मान उंच होईल."

वानरी दोरी सोडून खाली उतरली. आपल्यासाठीच तर घेताहेत, अशी तिने मनाची समजूत घातली. वानराने राईतला सगळा काजू सुतारपक्ष्याला देऊन मोठी नौका घेतली.

नौका त्यांच्या घराजवळच्या उथळ पाण्यात शिरेना. तेव्हा ती दूर खोल पाण्यात नांगरावी लागली. तिथे ती राजवाड्यासारखी दिसे. सारे जंगल काठावर येऊन पाही. वानराने नौकेवर मेजवान्या सुरू केल्या. कोल्ह्याने आपल्या भाऊबंदांना खलाशी म्हणून आणले. ते पोटभर जेवत, मऊ गाद्यांवर लोळत, आणि शीड उभारायची वेळ आली की वाऱ्याला नावे ठेवत.

"कधी निघायचं हो?" वानरी विचारी.

"निघू की! खलाशी जरा तयार होऊ देत," वानर म्हणे. "आणि उद्या हरणांकडची मंडळी नौका पाहायला यायची आहेत. त्यांना नाही कसं म्हणायचं?"

हरणे येऊन गेली. मग रानडुकरे आली, मग ससे आले. समुद्र आरशासारखा शांत होता, वारा बेटाकडे वाहत होता, आणि नौका नांगराला बांधलेली होती. असा सगळा हिवाळा गेला. वानरीने विचारणे हळूहळू बंद केले.

उन्हाळा संपत आला तेव्हा बेटाकडून एक कुरव पक्षी उडत आला आणि डोलकाठीवर बसला. तो म्हणाला, "वानरीबाई, तुमच्या बहिणीनं अंथरूण धरलंय. ताईला एकदा बघायचंय म्हणते. आम्ही आता दूर देशी चाललो, म्हणून आधी निरोप द्यायला आलो."

 वानर धावत कोल्ह्याकडे गेला. कोल्हा म्हणाला, "दादासाहेब, वारा फिरलाय. असल्या समुद्रात आमची पोरं मी पाठवणार नाही."

"मग आपण दोघं जाऊ," वानरी म्हणाली. तिने पदर खोचला.

दोघांनी नांगराचा दोर सोडला आणि मिळून मोठ्या शिडाची दोरी ओढली. तळहातांची सालटी निघाली. शीड कसेबसे अर्धे वर गेले आणि तिथेच अडकले. ते वरही जाईना, खालीही येईना. तेवढ्यात वाऱ्याने त्याला धरले. नौका गर्रकन फिरली आणि खाडीच्या तोंडाशी वाळूच्या दांड्यावर जाऊन रुतली. मधली डोलकाठी मोडून पडली. भरतीच्या पाण्याने सुटका होईपर्यंत दोघे कलंडलेल्या नौकेला धरून बसले होते. वानरी रडली नाही. ती बेटाकडे पाहत राहिली. दुसऱ्याच दिवशी समुद्र खवळला आणि पावसाळ्याने वाट बंद केली.

वानर मान खाली घालून सुतारपक्ष्याकडे गेला. "ही परत घ्या," तो म्हणाला, "आणि ती एक डोलकाठीची असेल तर द्या." ती अजून तिथेच होती. सुतारपक्ष्याने मोडकी मोठी नौका दुरुस्तीला ठेवून घेतली आणि ही दिली. पावसाळाभर, जेव्हा जेव्हा उघडीप मिळे तेव्हा, वानर आणि वानरी खाडीच्या आतल्या पाण्यात शीड उभारायला, उतरवायला आणि सुकाणू धरायला शिकली. हे इतके सोपे असेल असे वानराला वाटले नव्हते. सोपे जात होते म्हणूनच त्याला जास्त वाईट वाटे.

समुद्र निवळल्याबरोबर दोघे निघाले. वानरीने दोरी धरली, वानराने सुकाणू. सकाळी निघालेली नौका उन्हे चढायच्या आत बेटाला लागली. माडांखाली एक तरुण वानरी उभी होती. ती बहिणीची लेक. वानरीने विचारले, "तुझी आई कुठंय गं?"

भाचीचे डोळे भरून आले. "मावशी, आई पावसाळ्यातच गेली."

डोळे पुसून ती सांगू लागली. "हिवाळाभर समोर तुमचं ते तीन डोलकाठ्यांचं जहाज दिसायचं. कुरवानं सांगितलं होतं, तुमचंच आहे म्हणून. आई रोज सकाळी उठवायची मला. म्हणायची, घर झाडून ठेव, ताईचं जहाज उभं आहे, आज निघेलच ती."

वानर गुडघाभर पाण्यात उभा होता. त्याला पुढे पाऊल टाकवेना. "मला क्षमा कर," तो कसाबसा म्हणाला.

वानरीने भाचीला पोटाशी धरले होते. ती म्हणाली, "अहो, नौका तुम्ही माझ्यासाठीच घ्यायला निघाला होतात. मध्येच विसरलात." मग तिने त्याच्याकडे हात पुढे केला. "वर या. तिचं घर तरी पाहू."

तात्पर्य एवढेच : मोठी वस्तू घेताना ती चारचौघांत कशी दिसेल हे पाहण्याआधी ती कोणासाठी आणि कशासाठी घेत आहोत, हे स्वतःला विचारावे. चुकीची वस्तू परत करता येते. तिच्यापायी वाट पाहण्यात गेलेले आपल्या माणसाचे दिवस परत मिळत नाहीत.