ठकूआत्याची अक्षत

फार वर्षांपूर्वी, कोंडसरीत ना शाळा होती ना दवाखाना, तेव्हाची ही गोष्ट. सगळ्या गावाच्या मालकीचं असं एकच होतं, भांडीघर. माळावरची एक खोली आणि तिच्यात लग्नकार्याची तांब्याची भांडी. मोठ्या हंड्यात म्हणे चार माणसं उभी राहायची. खोटं वाटत असेल तर वाटू दे, मी ऐकलं तसं सांगतोय.

ती भांडी ठकूआत्या सांभाळायची. ती कुठून आली कुणाला ठाऊक नाही. मागंपुढं कुणी नव्हतं, म्हणून गावानं तिला तिथंच राहायला सांगितलं. कार्य असलं की माणसं भांडी घेऊन जायची आणि उरकलं की खरकटी आणून टाकायची. आत्या चिंच आणि राख लावून ती लख्ख करायची. बुडाला चिकटलेलं खरवडताना तिला कळायचं, आज लापशी होती, भात जरा लागला होता. गावातलं प्रत्येक जेवण तिला असं माहीत होतं. जेवली मात्र ती एकाही पंगतीत नाही.

यात कुणाचा दुष्टावा नव्हता. तेव्हा प्रत्येक आळीचा एक माणूस आपापल्या आळीत दारोदार आमंत्रणाची अक्षत द्यायचा. भांडीघर कुठल्याच आळीत येत नव्हतं. वरच्या आळीला वाटायचं खालच्या आळीनं दिली असेल, खालच्या आळीला वाटायचं वरच्यांनी दिली असेल. आत्या दर लग्नाला धुतलेलं लुगडं नेसून दारात बसायची, कुणी बोलवायला येईल म्हणून. आपण होऊन जायचा तिचा स्वभाव नव्हता. अशी तीस वर्षं गेली. सांगताना मलाही लाज वाटते.

मग हैबतीच्या लेकीचं लग्न निघालं. हंड्यात भाताचं आधण ठेवलं, तर पाणी उकळेचना. दोन गाड्या लाकूड जळालं, पाणी आपलं थंडगार. वऱ्हाड उपाशी खोळंबलं. नारळ फोडला, दृष्ट काढली, कशाचाच उपयोग झाला नाही. तेव्हा हैबतीची म्हातारी आई म्हणाली, "ठकूला अक्षत कुनी दिली रं?"

वरच्या आळीनं खालच्या आळीला विचारलं, खालच्या आळीनं वरच्या. कुणीच दिली नव्हती.

हैबती अक्षत घेऊन पळत सुटला. आत्या दारात बसली होती. केस विंचरलेले, डोळे वाटेकडं लागलेले. "आत्या, जेवायला चला," तो म्हणाला. ती उठली नाही. अंग गार पडलं होतं. त्यानं रडत रडत तिच्या मुठीत अक्षत ठेवली, आणि त्याच वेळी तिकडं मांडवात हंडा खदखदायला लागला, असं म्हणतात.

आता कोंडसरीत शाळा आहे, दवाखाना आहे, पत्र्याचं सभागृहसुद्धा आहे. पण लग्न कुणाच्याही घरचं असो, पहिली अक्षत भांडीघराच्या उंबऱ्यावर ठेवतात, देवाच्याही आधी. पंगतीत आत्याचं पान मांडतात. लग्नाला जो एकटाच आला असेल, त्याला त्या पानाशेजारी बसवतात आणि आग्रह करकरून वाढतात. आत्याच्या पानातला भात तसाच निवून जातो. "आत्या, जेवायला चला," असं दर वेळी अख्खं गाव म्हणतं. तिला तेव्हा कुणाही एका माणसाचं बोलावणं पुरलं असतं.