धुक्यातली खर्जवीणा

फार मागे, ज्या काळाची गणती आता कुणालाच ठाऊक नाही, एका विस्तीर्ण तळ्याकाठी एक गाव होतं. तळ्यावर धुकं उतरलं की स्वतःचा हातही दिसत नसे. म्हणून गावाची रीत होती: धुकं पडलं की काठावर खर्जवीणा वाजवायची. तिचा खोल आवाज पाण्यावरून दूर जाई, आणि होड्या त्याच्या मागाने घरी येत.

वीणा जुनी होती, माणसाएवढी उंच. तिच्या दांडीच्या पोटात लोखंडी सळई होती. जाड तारांच्या ताणाने दांडी वाकली, की किल्लीने ती सळई आवळायची. दांडी सावकाश सरळ होई.

हे काम एका बाईकडे होतं. तिची एकुलती एक लेक त्या दिवशी पहिल्यांदाच एकटी होडी घेऊन निघाली.

"आई, धुकं पडलं तर वाजवशील ना?"

"न वाजवून जाते कुठे! फार लांब जाऊ नकोस. आणि शाल घे."

"घेतली गं बाई! किती वेळा सांगशील?"

लेक दिसेनाशी झाली, तशी आईने वीणा तपासली. ओल धरून दांडी जराशी वाकली होती, सूर किंचित चढा लागत होता. वाजत होती, पण आज आईला तेवढं पुरेना.

वीणा घडवणारे तिचे सासरे शेजारीच जाळं विणत होते. ते म्हणाले, "सूनबाई, आजचं भागतंय, राहू दे. करायचंच असेल तर आधी तारा सैल कर, किल्लीला जरासा पीळ दे, आणि उद्यापर्यंत हात लावू नकोस. जुनं लाकूड आहे. त्याला वेळ लागतो."

"मामंजी, पोर पाण्यावर आहे. मी कशी राहू देऊ?"

तारा सैल करण्याइतका धीर तिला नव्हता. तिने किल्ली फिरवली. दांडी तशीच. तिला वाटलं, कमी पडलं. तिने पुन्हा फिरवली. तरी तशीच. थांबणं म्हणजे काहीच न करणं, असं आईच्या जातीला वाटतं. मीही आईच आहे, हे मला कुणी समजावून सांगायला नको.

"पुरे गं आता!"

"एवढंसंच, मामंजी."

किल्ली जड झाली. तिने दोन्ही हातांनी जोर लावला.

कड्कन आवाज झाला. सळई तुटली, दांडी उभी चिरली, तारा लोंबू लागल्या.

 सासऱ्यांनी तळ्याकडे पाहिलं. पलीकडची झाडं पांढरी होत चालली होती.

आईने थाळी बडवली, घसा फाटेस्तोवर हाका मारल्या. पण थाळीचा तो चिरका आवाज धुक्यात विखरून चहूकडून येत राहिला. पाण्यावरची जुनी माणसं अंदाजाने काठाला लागली. लेकीची होडी धुकं विरल्यावर सापडली, खडकांपाशी, पालथी. शाल तेवढी तरंगत होती.

पुढे गावाने नवी वीणा केली. तिचाही सूर किंचित चढाच होता. धुक्याच्या दिवशी कुणी तो नीट करायला निघालं, की एक म्हातारी पुढे होई आणि त्याच्या हातातली किल्ली काढून घेई.

तात्पर्य: जे सावकाश वळतं, त्याला काळजीपोटी जोर लावला की ते ऐन गरजेला मोडतं.