थंडीपुरती ढोली

फार पूर्वी चिंचेवर भरलेली पशुपक्ष्यांची ही सभा मी पाहिलेली नाही. कावळ्याने सांगितले तेवढेच मांडते आहे.

नांगराने बीळ मोडलेली चिचुंद्री चिंचेखाली आली. मागे एकमेकांची शेपटी तोंडात धरून पाच पिले होती. तिने बुंध्यातली रिकामी ढोली थंडीपुरती मागितली.

"वास येतो हो हिला," खार म्हणाली. "आणि थंडीपुरतं आलेलं कधी परत जातं का?"

"खारूताई, तुम्हीही पावसापुरत्याच आला होतात ना?" चिचुंद्री म्हणाली. "पिलं गारठलीत. आधी आत घ्या, मग भांडा."

अध्यक्ष घुबडाने 'थंडीपुरती' या शब्दाची व्याख्या मागितली. थंडी पहिल्या दवापासून धरायची की पहिल्या हुडहुडीपासून, यावर पौष सरला. ती संपते कधी, यावर माघ. ढोली रिकामीच होती, ही बाब इतिवृत्तात नाही.

फाल्गुनात, अंगावर ऊन घेत, सभेने एकमताने परवानगी दिली. कावळा निरोप घेऊन गेला, तेव्हा बुंध्यापासून दूर जाणारे वाळलेले ठसे तेवढे उरले होते. रांगेत चालल्यामुळे ठशांवर ठसे पडले होते. परतताना पिले किती होती, हे अजून कोणाला सांगता आलेले नाही.