भासाचा पंखा

वाघजाईच्या माळावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या आणि गावाची झोप उडाली. दिवसरात्र डोक्यात नुसतं भप्, भप्, भप्! तक्रारी करून लोकांची तोंडं दुखली, तेव्हा कुठे कंपनीचे सबनीससाहेब आले. आले ते इलाज घेऊन नव्हे, उपदेश घेऊन! सरपंच गजराआत्यांनी सभा मुद्दाम पवनचक्कीच्या बुडाशीच भरवली.

साहेब म्हणाले, "आवाजाचा त्रास हा निव्वळ तुमच्या मनाचा भास आहे."

"काय म्हनलासा?" पुढ्यात बसलेल्या आत्यांनी कानामागे हात धरला.

साहेबांनी आवाज चढवला.

"न्हाई बा ऐकू आलं."

साहेब ओरडले, तर अख्ख्या गावाने कानामागे हात धरले. घसा बसला तसं साहेबांचं डोकं फिरलं. पवनचक्की सांभाळणाऱ्या कंपनीच्या माणसाकडे हातवारे करत ते किंचाळले, "अरे, बंद कर तो पंखा! मेला बोलू देत नाही!"

पाती थांबली. माळ शांत झाला. साहेब घाम पुसत म्हणाले, "तर, हा त्रास म्हणजे निव्वळ तुमच्या मनाचा भास आहे."

"आत्ता ऐकू आलं," आत्या म्हणाल्या. "पर सायेब, आवाज आमच्या मनात हुता, तर तुमी बंद काय केलासा?"