भिवरामायचा घोडवेल

कोंबडदऱ्याला गाडीवाट नव्हती आणि माणसं डोंगरालाच बाजार समजत होती, त्या काळातली ही गोष्ट. तेव्हा तिथे भिवरा नावाची सुईण होती. सगळे तिला भिवरामाय म्हणत. गावातलं प्रत्येक माणूस तिच्याच हातावर जन्मलेलं, त्यामुळे ती कुणालाही, कुठेही, काहीही बोलायची. तिचा आवाज समोरच्या कड्यावर आपटून परत यायचा, म्हणून तिची बोलणी दोनदा खावी लागत, असं म्हणतात.

वरच्या रानात घोडवेल होता. पळसासारखी तीन-तीन पानं, शिमग्याच्या सुमाराला जांभळी फुलं, मग लवदार शेंगा. जमिनीखाली त्याचा भलामोठा कंद, आत पांढरा, चवीला गोडसर. बाळंतिणीच्या अंगावर दूध नसलं की भिवरामाय हा कंद आणायची, किसून त्याचा रस पिळायची आणि गूळ घालून पाजायची. दूध यायचं. पण कंद काढायची तिची एक रीत होती. बाजूने उकरायचं, अर्धाच कापायचा, वेलाकडचा अर्धा तसाच ठेवून वर माती लोटायची. मग कंद पुन्हा भरायचा.

एका वर्षी जत्रेत धावजीने कुस्ती मारली. धावजी गावातलाच गडी, अंगाने बेताचा, पण त्याने शेजारच्या गावचा नावाजलेला पहिलवान चीत केला. काय खातोस, असं लोकांनी विचारल्यावर त्याला दुसरं काही सुचेना. घोडवेलाचा कंद, असं तो बोलून गेला.

झालं. दुसऱ्या दिवशी सगळे पुरुष कुदळी घेऊन रानात. म्हातारेसुद्धा काठी टेकत चढले. एकाने तर बैलाला कंद चारला आणि बैलाने त्याचाच गोठा मोडला, असं म्हणतात.

भिवरामाय वाटेवर उभी राहिली. येईल त्याला तिने सांगितलं, बाबांनो, अर्धा ठेवा. प्रत्येक जण म्हणाला, "हो माय." आणि खांद्यावर अख्खा कंद घेऊन उतरतानाही तसंच, "हो माय." तिचं डोकं भणभणून गेलं. शेजारणीला ती म्हणाली, "नाही म्हणणाऱ्याशी भांडता तरी येतं गं. या हो म्हणणाऱ्यांचं मी काय करू?"

पुढल्या वर्षी पाऊस तुटला. गाई आटल्या, शेळ्यांत रोग पडला. त्यातच धावजीची बायको ठमा बाळंत झाली आणि तिच्या अंगावर थेंबभर दूध येईना. पोर आधी रडलं, मग नुसतंच तोंड हलवायला लागलं.

धावजी भिवरामायच्या अंगणात येऊन मान खाली घालून उभा राहिला. म्हणाला, "माय, कंद पाहिजे."

"मला कशाला विचारतोस? तुझ्या पोटाला विचार," ती म्हणाली. पण बोलता बोलता तिने पदर खोचला होता आणि विळा उचलला होता.

दोघं रानभर हिंडली. जिकडे बघावं तिकडे खड्डे. कुठला खड्डा कुणाचा, हे भिवरामायला दिसताक्षणी कळायचं. "हा लक्ष्याचा. गडी आळशी, खड्डाही वाकडा. हा तुझ्या सासऱ्याचा. दात नाहीत, कंद पाहिजे." अशी बोलत बोलत ती चढली, आणि बोलता बोलता तिची पावलं भरभर पडायला लागली, कारण वेल कुठेच दिसत नव्हता आणि ते पोर तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

अगदी वर, कड्याच्या कपारीत एक वेल सापडला. धावजीने उकरलं. कंद वासराएवढा निघाला, असं म्हणतात. अर्धा घे, भिवरामाय म्हणाली. धावजी आयुष्यात पहिल्यांदा तिला नाही म्हणाला. "अख्खा नेतो, माय. पोर मरतंय माझं. रस कमी पडला तर?"

  भिवरामायने विळ्याने कंद मधोमध कापला, अर्धा त्याच्या हातात दिला आणि उरलेल्या अर्ध्यावर खड्ड्यातच मांडी घालून बसली.

"पुढच्या बाळंतिणीला काय तुझी कुस्ती पाजू? पळ. मी उठले की तू परत कुदळ घेऊन येशील. म्हणून मी उठतच नाही."

धावजी पळाला. डोंगर उतरेपर्यंत तिचा आवाज त्याच्या मागे होता. घरात किसायला बसला तरी कड्यावरून ऐकू येत होतं, साल काढ रे, बारीक किस, गूळ जास्त नको. तिने सांगितलं तसं त्याने केलं. ठमाला पान्हा फुटला. असा फुटला, की तिचं पोर पिऊन झोपलं आणि आळीतली बाकीची पोरंही तिच्याच अंगावर वाढली, असं म्हणतात.

भिवरामाय मात्र उठली नाही. लोकांनी विनवण्या केल्या, भाकरी नेली. ती भाकरी खायची आणि मीठ कमी आहे म्हणून बोलायची. वेल तिच्या मांडीवरून खांद्यावर चढला, खांद्यावरून डोक्यावर. पावसाळा सरला आणि लोक वर गेले, तर तिथे नुसती हिरवी पानं. माय गेली कुठे, म्हणून चारजणांनी उकरून बघायचं ठरवलं. पहिली कुदळ उचलली आणि वेलातून आवाज आला, "परत कुदळ?"

चौघं पळाले ते थेट गावात येऊन थांबले. दुसऱ्या वर्षी सगळ्या जुन्या खड्ड्यांतून घोडवेल उगवून आला. लक्ष्याच्या खड्ड्यातला वाकडा आला, असं म्हणतात.

आजही कोंबडदऱ्यात मूल जन्मलं, की बाप आधी त्याचं तोंड बघत नाही. घागरभर पाणी घेऊन तो कड्यावर चढतो, वेलाच्या बुडाशी ओततो आणि मोठ्याने म्हणतो, "माय, मी खाल्लं नाही." ज्याने खाल्लेलं असतं तोही हेच म्हणतो, फक्त जरा हळू. तेवढ्यात वारा नसताना पानं सळसळली, तर तो मुकाट्याने खाली उतरतो आणि दुसरी घागर भरून आणतो.