दोघांनाही हो म्हणणारा कोल्हा

एक होतं जंगल आणि त्या जंगलात राहायचा एक गोडबोल्या कोल्हा. समोर येईल त्याला तो ‘हो’ म्हणायचा. ससा म्हणाला, यंदा गवत कडू आहे, तर हो. सांबर म्हणालं, यंदा गवत गोड आहे, तरी हो. असल्या प्राण्याला सगळे भला म्हणतात, मुलांनो. मी म्हणत नाही, आणि का ते आता सांगते.

उन्हाळा तोंडावर आला आणि खालचं तळं आटलं. नदी फार लांब होती. तळ्याकाठच्या जाळीत एक हरिणी नुकतीच व्यायली होती आणि तिचं पाडस एका पायानं अधू होतं. नदीपर्यंत चालणं त्याला जमणारच नव्हतं. तळ्यात पाणी आलं तरच ते जगणार होतं. वर टेकडीवर एका खळग्यात दगडांचा बांध घालून झऱ्याचं पाणी साठवलेलं होतं. तिथून तळ्यापर्यंत चर खणायचा आणि ते पाणी खाली आणायचं, असं वाघानं ठरवलं. कामावर मुकादम म्हणून नेमलं कोल्ह्याला. “काम कसंही कर,” वाघ म्हणाला, “पण तुमची कुरबुर माझ्या कानावर येता कामा नये. माझी झोपमोड झाली तर मुकादम बदलेन.”

खणणारे दोघं होते. रानडुक्कर वरून खाली खणत येणार होतं आणि साळू, म्हणजे ती अंगभर काटे असलेली साळिंदर, खालून वर जाणार होती. मध्ये आडवा पसरला होता एक भलामोठा काळा कातळ. त्याच्या एका बाजूला पळस, दुसऱ्या बाजूला बोर. त्या कातळाला वळसा घालतानाच दोन्ही चर एकमेकांना मिळायचे होते. पण वळसा कुठल्या बाजूनं घालायचा? इथंच माशी शिंकली.

“पळसाच्या बाजूनं,” रानडुक्कर म्हणालं. “लांब पडेल, पण माती मऊ आहे. नाक सोलून घ्यायची हौस नाही मला.”

“बोरीच्या बाजूनं,” साळू म्हणाली. “जवळची वाट सोडून लांबून जायचं? तुझ्या नाकाचे लाड तुझ्या घरी कर!”

खरं सांगू का, कुठूनही चाललं असतं. दोघांना समोरासमोर बसवायचं, पोटभर भांडू द्यायचं आणि एक बाजू ठरवून टाकायची, एवढंच मुकादमाचं काम होतं. पण साळूचे काटे ताठ झाले, डुकरानं सुळे दाखवले आणि कोल्हा घाईघाईनं मध्ये पडला. वाघ जागा झाला तर? “अरे, आपलीच माणसं आपण,” असं काहीतरी बोलून त्यानं दोघांना घरी पाठवलं. मग तो एकेकाला गाठायला निघाला.

डुकराला म्हणाला, “दादा, तुमचंच बरोबर. साळूताईंनाही पटलंय, फक्त तोंडानं कबूल करायला लाजतात. तुम्ही आपले पळसाकडून या.” साळूला म्हणाला, “ताई, तुमच्याइतकी अक्कल त्या डुकराला असती तर काय हवं होतं! मी समजावलंय त्याला. तुम्ही बोरीकडून या. फक्त त्याच्यासमोर विषय काढू नका, बिचारं खजील झालंय.” दोघंही खूश झाले. डुक्कर सकाळी खणायचं आणि साळू सूर्य बुडाल्यावर, त्यामुळे त्यांची गाठ कधी पडतच नव्हती. इकडचा निरोप तिकडे न्यायला होताच की आपला कोल्हा!

चर पुढं सरकू लागले. हरिणी पाण्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली. एके दिवशी ती कातळापाशी आली आणि थबकली. तिनं कोल्ह्याला हाक मारली. “मुकादम, हा चर पळसाकडे चाललाय आणि तो बोरीकडे. हे एकमेकांना मिळणार कसे?”

त्या वेळी बोलला असता तरी चाललं असतं हो! थोडंसंच खणणं वाया गेलं असतं. पण मग दोघांना कळलं असतं, की हा दोघांशीही खोटं बोलला. कोल्हा हसला आणि म्हणाला, “बाई, तुम्ही पाडसाकडे बघा. कामात असंच असतं. शेवटी घेतो वळवून.” हरिणीनं विश्वास ठेवला. न ठेवून बिचारी करणार काय होती?

डुक्कर कातळाशी पोचलं, तर समोर चर नाही. कोल्हा म्हणाला, “साळूताई जरा मागे पडल्यात, येतील.” साळू तिच्या बाजूला पोचली, तिलाही समोर काही दिसेना. कोल्हा म्हणाला, “डुकराचं नाक दुखतंय, येईल.” दोघंही थांबून राहिले.

आणि वाघ उठला. “झालं ना काम? सोडा पाणी!” झालं नाही म्हणायची कोल्ह्याची छाती होईना. बांध फोडला गेला. पाणी खळखळत डुकराच्या चरातून निघालं, पळसाशी पोचलं आणि तिथल्या मऊ मातीत पसरलं. तळ्यात थेंबसुद्धा आला नाही. खळगा मात्र रिकामा झाला.

पाणी बघायला आलेले डुक्कर आणि साळू एकमेकांच्या अंगावर धावून गेले. “तू पळसाला कबूल झाली होतीस!” “मी? तूच बोरीला कबूल झाला होतास!” मग दोघंही एकदम कोल्ह्याकडे वळले. कोल्हा वाघाला हात जोडून सांगत होता, “महाराज, मी दोघांनाही परोपरीनं समजावलं. ऐकतील तर शपथ!”

वाघानं जांभई दिली. “जाऊ दे. पाणी गेलं खरं, पण इतक्या दिवसांत एकदाही कुरबुर ऐकू आली नाही. पुढच्या कामालाही हाच मुकादम.” डुक्कर आणि साळू जंगल सोडून गेले. गेले तेही वेगवेगळ्या वाटांनी.

हरिणी पाडसाला घेऊन नदीकडे निघाली होती. वाटेत ते बसलं, ते पुन्हा उठलं नाही. परत येताना ती एकटीच होती. कोल्हा पुढं होऊन म्हणाला, “फार वाईट झालं हो. पण मी कुणालाही दुखावलं नाही.”

हरिणी म्हणाली, “दुखवायला हवं होतंस रे मेल्या. ते दोघं तुझ्यासमोर एकदा कडाकडा भांडले असते, तर माझं लेकरू जगलं असतं.”

तात्पर्य, कडू लागलं तरी ऐका : दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ होतो म्हणतात; पण मुकादमानं भांडण दाबून ठेवलं, की तिसऱ्याचा जीव जातो.