उभ्याने जेवणारा खारक्या

बोरजाई गावात मुकिंदा नावाचा एक भोळा माणूस होता. भोळा हा शब्द त्याच्या बायकोचा. गावाकडे त्याच्यासाठी दुसरा शब्द होता. मुकिंदा पंचायतीत पाणी सोडायच्या कामाला होता. एकदा सरपंच म्हणाले, "सकाळी सहाला पानी सुटलंच पायजे." दुसऱ्या दिवशी पाइप फुटून रस्त्याची नदी झाली होती, तरी मुकिंदाने सहाला पाणी सोडलं. सांगितलेलं तो कधी विसरत नसे. पंचाईत तीच होती.

एक दिवस त्याची बायको सगुणा म्हणाली, "अवो, राखनीला एक कुत्रं आना. पर उगाच भुकनारं नगं. शेजारी बोंबलत्यात."

तालुक्याच्या गावी हेमलताबाई म्हणून एक होत्या. रस्त्यावर टाकलेली, दुखणाईत कुत्री त्या सांभाळायच्या आणि चांगलं घर बघून दत्तक द्यायच्या. मुकिंदा तिथे गेला आणि पिंजऱ्यांपुढे उकिडवा बसला. सगळी कुत्री त्याच्यावर भुंकली. एक पिल्लू तेवढं भुंकलं नाही. ते कोपऱ्यात पडून होतं, खारकेसारखं तपकिरी आणि सुरकुतलेलं.

"ह्येच," मुकिंदा म्हणाला.

"अहो, ते आजारी आहे," हेमलताबाई म्हणाल्या. "त्याची अन्ननळी सैल आहे. खाल्लेलं पोटात उतरत नाही, तसंच उलटून बाहेर येतं. त्याला उभं धरून पेज भरवावी लागते. खाल्ल्यावर अर्धा तास उभंच धरून ठेवावं लागतं. दिवसातून चार वेळा. दोन घरांनी कंटाळून परत आणून दिलंय."

"अर्धा तास म्हंजी घड्याळातला?"

"घड्याळातला."

"मंग जमतंय."

बाईंनी पिल्लू पिंजऱ्यातून काढून त्याच्या हातात दिलं. "महिनाभर न्या. मग मी येऊन वजन करीन. वाढलं असेल तर कागद करू आणि पिल्लू तुमचं. नाहीतर मी घेऊन जाईन. ते जगलं पाहिजे, मला दुसरं काही नको."

पिल्लू बघून सगुणाने कपाळाला हात लावला. "ह्ये राखनार व्हय घर?"

"भुकत न्हाई," मुकिंदा म्हणाला. पिल्लाचं नाव पडलं खारक्या.

इथे एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. खारक्याचं करण्यात मुकिंदाने कुठे कसूर ठेवली नाही. एका अरुंद टोपलीत तो पिल्लाला उभं करी, चमच्याने पेज भरवी आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत अर्धा तास धरून बसे. शहाण्या माणसाने पंचवीस मिनिटांवर सोडलं असतं. मुकिंदा एकोणतीसलाही सोडत नसे. चार दिवसांत खारक्याचं उलटणं थांबलं. तो मुकिंदाचा अंगठा चाटायला लागला, आणि मुकिंदाचा असा जीव जडला की पाणी सोडायला निघताना तो खारक्याला सांगून जाई.

पाचव्या दिवशी सगुणाचे मामा आले. त्यांनी चार पुरणपोळ्या चेपल्या, ढेकर दिला आणि ओसरीवर आडवे झाले. मुकिंदा धावतच आला. मामांच्या काखेत हात घालून त्याने त्यांना उभं केलं आणि भिंतीला टेकवून धरलं.

"आरं, काय करतूस?"

"अर्धा तास, मामा."

"सोड! मला झोपायचंय!"

"आदी पोळ्या उतरू द्या."

मामा अंगाने दांडगे, पण मुकिंदाचे हात वीस वर्षं पाण्याचे व्हॉल्व्ह फिरवून तयार झालेले. अर्धा तास भरल्यावर त्याने मामांना अलगद खाली ठेवलं. मामा चहा न घेताच गेले.

"पाव्हन्याला असं धरत्यात व्हय?" सगुणा कडाडली. "पाव्हन्याला आग्रह करायचा असतो! नगं म्हनला तरी वाढायचं. नगं म्हननं ही रीतच असती."

मुकिंदाने ते पाठ केलं.

संध्याकाळी खारक्याने अर्धी वाटी पेज घेतली आणि तोंड फिरवलं. मुकिंदा हसला. रीत त्याला कळली होती. "लाजू नगंस, घरच्यासारखं घे," म्हणत त्याने एक चमचा घातला. खारक्याने पुन्हा तोंड फिरवलं. "माझ्यासाठी येवढा." मग सगुणाच्या नावाने एक झाला. मग मामांच्या नावाने. सातव्या चमच्याला सगळी पेज बाहेर आली आणि खारक्याने मान टाकली.

मुकिंदाने चमचा टाकला. खारक्याला छातीशी धरून तो गुरांच्या दवाखान्यात पळत गेला. तिथले डॉक्टर कुलथे यांनी पिल्लाला सुई दिली, सलाइन लावलं आणि मग मुकिंदाकडे वळले.

"अरे, जिवावर बेतलं होतं त्याच्या! पुन्हा आग्रह केलास तर बघ. तोंड फिरवलं म्हणजे पोट भरलं. लगेच भांडं उचलायचं. एक क्षण थांबायचं नाही."

"तोंड फिरवलं की भांडं उचलायचं," मुकिंदा म्हणाला. रस्ताभर तो तेच घोकत आला.

पुढचे तीन आठवडे बरे गेले. खारक्याच्या अंगावरच्या सुरकुत्या भरून आल्या. हेमलताबाई यायच्या आदल्या दिवशी सरपंचांच्या नव्या घराची वास्तुशांत होती. पंगतीला वाढायला माणसं कमी पडली, म्हणून मुकिंदाच्या हाती जिलब्यांचं ताट आलं.

आता पंगतीत बसून शेजाऱ्याशी बोलत नाही असा माणूस बोरजाईत जन्मायचा आहे. पहिल्या रांगेत पोस्टमास्तरांनी शेजाऱ्याकडे तोंड फिरवलं. वळून बघतात तर पुढे पत्रावळ नाही. त्यांना वाटलं, वाऱ्याने उडाली. मग ग्रामसेवकांची गेली. मग एका ओळीने अकरा जणांची गेली. शेवटी सरपंचांचे व्याही शिंकायला म्हणून बाजूला वळले, आणि त्यांच्या हातात जिलबी तेवढी राहिली.

व्याही उठले. व्याही उठले म्हटल्यावर त्यांच्याकडची चाळीस माणसं उठली. लेकीच्या सासरचे लोक भरल्या पंगतीतून उठणं म्हणजे काय, ते मराठी माणसाला सांगायला नको. सरपंचांनी पागोटं काढून हातापाया पडून सगळ्यांना परत बसवलं आणि मुकिंदाला गोठ्यामागे नेलं.

"बेअक्कल मानसा! दुसऱ्याच्या पानाला हात लावत्यात व्हय? ज्याचं त्येला आदी इचारायचं! त्यो व्हय म्हनला तरच हात लावायचा. गप ऱ्हायला तरीबी लावायचा न्हाई!"

मुकिंदाने ते पाठ केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेमलताबाई आल्या. पिशवीतून काटा काढून त्यांनी खारक्याला तोलला. चार किलोचं पिल्लू साडेपाच किलोचं झालं होतं. बाईंनी दोनदा काटा बघितला आणि डोळे पुसले.

"मुकिंदराव, तुमच्यासारखं कुणी केलं नाही त्याचं. हा कागद भरा, दोन्हीकडे सह्या-अंगठे करा. मला साडेअकराची एसटी गाठायचीय." कागद, पेन आणि शाईचा पॅड ओसरीवर ठेवून बाई सगुणाबरोबर चहाला आत गेल्या.

मुकिंदाने पेन घेतलं आणि थांबला. ज्याचं त्याला आधी विचारायला हवं होतं.

"खारक्या, तुला घिऊ का रं दत्तक?"

खारक्या गप्प.

"व्हय म्हन की."

खारक्याने अंगठा चाटला. पण हो म्हणाला नाही, आणि सरपंचांनी स्वच्छ सांगितलं होतं. मुकिंदाने पेन खाली ठेवलं. सही केली नाही तर बाई याला घेऊन जाणार. मग पेज कोण भरवणार? दुसरा कुणी पंचवीस मिनिटांवर सोडून देईल. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

रडता रडता त्याला सुचलं. ज्याला घ्यायचं, त्याने हो म्हणायला हवं. खारक्या म्हणत नाही. पण मी म्हणतो की!

"मुकिंदा, तुला दत्तक घिऊ का?" त्याने स्वतःला विचारलं. "व्हय," तो मोठ्याने म्हणाला, आणि भराभर कागद भरला.

बाई घाईघाईत बाहेर आल्या, शिक्का उठवला, आणि मग चप्पल घालता घालता वाचायला लागल्या.

"दत्तक घेणाऱ्याचं नाव, खारक्या. व्यवसाय, घर राखणे." खाली पंजाचा ठसा होता, शेजारी मुकिंदाचा अंगठा. बाईंचा आवाज हळू झाला. "दत्तक दिलेल्याचं नाव, मुकिंदा. नर. वय बेचाळीस. रंग सावळा. आहार, भाकरी आणि पिठलं. चावतो का? नाही. घरात घाण करतो का? पावसाळ्यात, पायांनी."

बाई मटकन ओसरीवर बसल्या. हसता हसता त्यांची साडेअकराची एसटी गेली. "मुकिंदराव, अहो, शिक्का बसला! आता कागदोपत्री तुम्ही कुत्र्याचे झालात."

"चालंल की," मुकिंदा म्हणाला. "त्यो ऱ्हातोय न्हवं हितं?"

"राहतोय. कायमचा."

सगुणाने कागद हातात घेऊन उलटसुलट बघितला. तिला अक्षरं कळत नव्हती, पण पंजा आणि अंगठा कळत होता. "ऱ्हाऊ द्या बाई तसंच," ती म्हणाली. "बावीस वर्सं म्या सांभाळलं. आता त्येची पाळी."

हे वाक्य मुकिंदाने ऐकलं, आणि पाठ केलं.

दुपारी सगुणाने जेवायला हाका मारल्या. तो काही येईना. बघते तर मुकिंदा खारक्याच्या टोपलीपुढे पाट मांडून, समोर रिकामं ताट ठेवून, हात धुऊन बसला होता.

"अवो, उठा की! भाकरी निवली."

"तू मधी पडू नगंस," मुकिंदा म्हणाला. "त्यो वाढंल."